शेकायची पिशवी

मला थंडी वाजते. हिवाळ्यात सगळ्यांनाच वाजते, त्यात काय मोठं. मला बाराही महिने वाजते. लोक बाह्या सरसावून कपाळ पुसत चाललेले असतात आणि त्यांच्यातून मी दोन स्वेटर, दोन मोजे आणि कानाला रुमाल अशी निघालेली असते. माणसं वळून बघतात. बघू देत, त्यांच्या अंगाला काही भोकं पडत नाहीत आणि माझ्याही नाहीत.

आमचे हे बेकरीत भट्टीवर कामाला आहेत. तीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी उभा राहिलेला माणूस आतूनही भाजत असावा, कारण घरी आले की चपला काढायच्या आधी खिडक्या उघडतात. मग पंखा. मी मागून खिडकी लावते, ते पुढे होऊन उघडतात. मी पंखा एकवर आणते, ते पाचवर नेतात. सत्तावीस वर्षांच्या संसारातली निम्मी वर्षं आम्ही त्या बटणापाशीच काढली असतील. "थंडी तुला वाजते आणि ऐकावी आम्हाला लागते," असं म्हणतात आणि स्वतःच हसतात. पहिल्यांदा मलाही हसू आलं होतं. दोनशेव्यांदा नाही येत हो.

माणूस वाईट नाही. रात्री स्वतःचं पांघरूण माझ्या अंगावर टाकून उघडे झोपतात. पण मला खरोखर थंडी वाजते, हे काही त्यांना पटत नाही. त्यांच्या मते ती सवय आहे. लेकीच्या मते ते माझ्या डोक्यात आहे. एकदा डॉक्टरकडेही जाऊन आले. त्यांनी मान वरसुद्धा न करता "या वयात होतं" म्हणून कागदावर काहीतरी खरडलं आणि पुढच्याला हाक मारली. चौपन्न म्हणजे काय वय झालं? मी तणतणत घरी आले आणि परत कुणाकडे गेले नाही.

आता खरी गंमत ऐका. मी लसींच्या गोदामात कामाला आहे आणि माझं काम कोल्ड रूममध्ये आहे. हसलात ना? सगळेच हसतात.

कोल्ड रूम म्हणजे एक मोठी खोलीच. जाड दार, खिडकी नाही, दोन्ही बाजूंना लोखंडी मांडण्या आणि त्यांवर खोके. आत पारा दोन ते आठच्या मध्ये ठेवायचा. आठच्या वर गेला तर लस हळूहळू निकामी होते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण शून्याच्या खाली गेला तरी ती मरते, आणि ते दिसतही नाही. कुपी तशीच, लेबल तसंच, टोचलं की बाळ रडतंही तसंच. फक्त आतल्या औषधात जीव नसतो. म्हणून सकाळी नऊला आणि दुपारी चारला दाराजवळच्या यंत्राच्या डब्यावरचा आकडा बघायचा, रजिस्टरमध्ये लिहायचा आणि खाली सही करायची. ती सही माझी. अकरा वर्षं माझी. त्या सहीशिवाय एक खोका गोदामाबाहेर जात नाही.

घरी माझ्या शब्दाला कुणी विचारत नाही, पण इथे मी पाच लिहिलं की पाच. मोठ्या मॅडमसुद्धा माझ्या आकड्याखाली आपली सही करतात आणि मगच गाडी सुटते. अकरा वर्षांत माझ्या हातून एक कुपी वाया गेली नव्हती. माझ्याकडे मिरवण्यासारखं आयुष्यात एवढंच होतं, आणि ते मी चांगलं मिरवायचे.

मॅडम वयाने माझ्या लेकीएवढ्या. हुशार, बोलायला गोड, पण कामाच्या बाबतीत कडक. दुसरा आमचा ट्रॉलीवाला भाऊ. खोके आणायचे-न्यायचे त्याने आणि दिवसभर टिंगल करायची तीही त्यानेच. माझं नाव त्याने हुडहुडी ठेवलंय. "हुडहुडीताई, बाहेर ऊन पडलंय, थोडं डबा भरून आणू का?" असलं काहीतरी चालूच असतं. त्याच्यावर रागवायला जावं तर जेवताना आपल्या डब्यातलं आधी मला वाढतो, मग काय बोलणार.

दोनेक महिन्यांपूर्वी आत खोके मोजताना माझे हात सुन्न झाले आणि एक खोका निसटला. पडला नाही, गुडघ्यावर अडवला मी. पण मॅडम दारातच उभ्या होत्या. संध्याकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं.

"ताई, तुम्हाला आतलं काम झेपत नाहीये का? लेबलच्या टेबलावर घेऊ या का तुम्हाला? तिथे ऊबही आहे, बसायलाही मिळतं."

लेबलच्या टेबलावर दिवसभर चिकटपट्ट्या लावायच्या. रजिस्टर दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार, सही दुसऱ्या कुणाची होणार. त्या माझ्या भल्यासाठीच विचारत होत्या, मला कळत होतं, आणि तरी असा राग आला म्हणून सांगू.

"छे हो मॅडम," मी म्हटलं. "गोळ्या चालू केल्यात. आता काही थंडीबिंडी वाजत नाही मला."

गोळ्या कसल्या डोंबलाच्या! पण त्या दिवसापासून गोदामात थंडीबद्दल मी तोंडाला कुलूप लावलं. आणि दुसऱ्या दिवशी घरून शेकायची पिशवी घेऊन आले. रबरी, गरम पाणी भरायची, कंबर शेकायला आपण वापरतो ती. आमच्या चहाच्या खोलीत पाणी तापवायचं भांडं आहे. तिथे पिशवी भरायची, जॅकेटच्या आत लपवायची आणि कोल्ड रूममध्ये न्यायची. रजिस्टरचं फळकुट दाराच्या डाव्या हाताला आहे, त्याच्या वर एक हूक आहे. पिशवी त्या हुकाला अडकवायची आणि वरून रजिस्टर झाकायचं कापड सोडायचं. कुणाला दिसत नाही. दहा खोके मोजले की यायचं, कापडाखाली दोन्ही हात घालायचे, बोटं वळायला लागली की परत खोके. पाणी निवलं की पुन्हा भरून आणायचं. काय सुख होतं ते! इतक्या वर्षांत हे कसं सुचलं नाही म्हणून मी स्वतःलाच बोल लावला.

पहिले काही दिवस बरे गेले. मग थंडी वाढली.

म्हणजे माझी वाढली असं मला वाटलं. सकाळी आत शिरावं तर नेहमीसारखं असायचं, पण अकराच्या पुढे दात वाजायला लागायचे. तोंडातून वाफ दिसायची. पलीकडच्या टोकाला जिथे गार हवेचा पंखा आहे, तिथल्या मांडणीपाशी तर उभंच राहवायचं नाही. मी आकडा बघायचे, तर पाच. कधी साडेपाच. सगळं जागच्या जागी.

"भाऊ, आज आत जास्त गार नाही का रे?" मी एकदा न राहवून विचारलं.

"हुडहुडीताई, तुम्हाला चुलीत बसवलं तरी तिथेही वारा लागेल," तो म्हणाला आणि ट्रॉली ढकलत निघून गेला. तो आत येतो, दोन मिनिटांत खोके उचलतो आणि घामेजलेलाच बाहेर पडतो. त्याला काय कळणार?

मॅडमना विचारलं, तेही जपून. थंडी वाजते असं नाही, खोली जास्त गार वाटते असं. त्यांनी येऊन डब्यावरचा आकडा बघितला. "पाच आहे की, ताई," म्हणाल्या आणि माझ्याकडे जरा निरखून बघितलं. त्या बघण्याने मी गप्प झाले. मधल्या मांडणीवर ठेवायचा वेगळा थर्मामीटर फुटला होता आणि नवा यायचा होता, त्यामुळे विचारायला दुसरं कुणी नव्हतं. आकडा म्हणतो पाच, सगळं जग म्हणतं पाच, मग माझ्या हाडांचं कोण ऐकतंय? मीही नाही ऐकलं. आपल्याच अंगात बिघाड आहे असं धरून मी दुसरी पिशवी विकत आणली आणि हुकाला दोन-दोन टांगल्या.

पिशवी आणल्याला असे तीन आठवडे झाले.

त्या दिवशी दुपारी पाणी निवलं म्हणून दोन्ही पिशव्या घेऊन मी चहाच्या खोलीत गेले. एरवी दोन मिनिटांचं काम. पण भांड्याची वायर कुणीतरी काढून ठेवलेली, ती शोधा, मग पाणी तापेना, त्यात भाऊने कुठलीशी लांबलचक गोष्ट लावली. अर्धा तास मोडला. मी धावतपळत परत आले, पिशव्या हुकाला लावायला हात वर केला आणि सहज नजर डब्यावर गेली.

वजा दोन.

मला वाटलं चष्मा पुसायला हवा. पुसला. वजा दोनच. यंत्र बिघडलं की काय, या घाईत मी पिशव्या अडकवल्या आणि मॅडमना बोलवायला वळणार, तर आकडा हलला. वजा एक. शून्य. दोन. मी तिथेच खिळले. चार. पाच. पाचवर येऊन थांबला. मी पिशव्या काढल्या. चार झाला, मग तीन, मग एक, मग परत खाली. पुन्हा लावल्या, पुन्हा वर चढला.

हुकाच्या मागे भिंतीला एक पेन्सिलीएवढी स्टीलची कांडी आहे. अकरा वर्षं रोज बघतेय मी ती. खोलीत किती गार आहे हे यंत्राला त्या कांडीतून कळतं. आणि त्याच कांडीला मी तीन आठवडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत शेक देत होते. यंत्राला वाटायचं खोली तापलीय, म्हणून ते आणखी गार करायचं. मला आणखी थंडी वाजायची, म्हणून मी आणखी गरम पाणी आणायचे. मग ते आणखी गार करायचं. घरी पंख्याच्या बटणापाशी निदान दोन माणसं तरी भांडतात. इथे एका बाजूला मी होते आणि दुसऱ्या बाजूलाही मीच होते. रात्री पिशव्या घरी जात असत, खोली सावरायची, आणि सकाळी नऊला मी साळसूदपणे चार लिहून सही करायचे.

मी पंख्याखालच्या मांडणीवरून एक कुपी घेतली आणि दाराजवळच्या मांडणीवरून एक. आमच्याकडे एक साधी परीक्षा असते. दोन्ही कुप्या एकदम हलवायच्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवायच्या. चांगली लस गढूळच राहते, पातळ दुधासारखी. गोठून गेलेली असेल तर तिचा चोथा होतो आणि भराभर तळाला बसतो. मी हलवल्या, ठेवल्या आणि घड्याळ न बघता नुसती बघत बसले. दाराजवळची दुधासारखीच राहिली. पंख्याखालच्या कुपीत पाच-सात मिनिटांत वर नितळ पाणी दिसायला लागलं.

मी रडले नाही. मला स्वतःचा इतका संताप आला होता की रडायला सुचलंच नाही. दोन्ही कुप्या आणि दोन्ही पिशव्या घेऊन मी तशीच मॅडमच्या खोलीत गेले आणि सगळं टेबलावर मांडलं.

मॅडमनी ऐकून घेतलं. मग उठून स्वतः कोल्ड रूममध्ये गेल्या, पिशवी लावली, काढली, लावली, काढली. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांच्याही सह्या होत्या ना त्याखाली.

"ताई, पिशवी कधीपासून लावताय?" त्यांनी कागद पुढे ओढला.

आणि इथे मी थांबले.

पंख्याखालच्या मांडणीवर आत्ता होते ते खोके चार दिवसांपूर्वी आले होते. चार दिवस म्हटलं असतं तर तेवढे खोके बाद झाले असते आणि विषय संपला असता. माझं काय व्हायचं ते झालं असतं, पण चूक गोदामाच्या चार भिंतींत राहिली असती. पिशवी कुणी बघितली नव्हती. भाऊलासुद्धा माहीत नव्हतं. पण त्याआधी त्याच मांडणीवर जे खोके होते, ते माझ्या सहीने दवाखान्यांत गेले होते. मागच्या मंगळवारी एक गाडी आमच्याच भागातल्या दवाखान्यात गेली होती. मला चांगलं आठवत होतं, कारण माझी लेक आपल्या तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन तिथेच गेली होती. मीच तिला सांगितलं होतं, मंगळवारी जा, नवा माल येतोय, मी स्वतः मोजून पाठवतेय. केवढ्या तोऱ्यात सांगितलं होतं!

खोटं बोलायला एक श्वास लागला असता. मॅडमची पेन्सिल कागदावर टेकलेली होती. त्यांनाही चार दिवस चालले असते, असं मला उगाच वाटलं. कदाचित नसतीलही चालले.

"तीन आठवडे," मी म्हटलं. "मोजून एकवीस दिवस. रजिस्टर आणा, कुठल्या तारखेला कुठले खोके गेले ते मी काढून देते."

मॅडमनी डोळे मिटले, उघडले आणि लिहिलं. मग आम्ही दोघी रजिस्टर घेऊन बसलो. सात दवाखाने निघाले. भाऊला बोलावलं, तो आला, त्याने पिशव्या बघितल्या आणि तो पंख्याखालचे खोके उतरवायला आत गेला. त्याच्या तोंडून टिंगल निघाली नाही हे मला फार लागलं. प्रत्येक दवाखान्याला मॅडम स्वतः फोन करत होत्या. उरलेली लस वापरू नका, ज्या बाळांना टोचली त्यांची यादी करा, परत बोलवा, पुन्हा टोचावी लागेल. पलीकडून काय काय ऐकून घेत होत्या ते त्यांच्या कानाच्या पाळ्यांवरून दिसत होतं, लाल झाल्या होत्या.

पाच फोन झाल्यावर त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला. "ताई, उद्यापासून तुम्ही आत जाऊ नका. चौकशी होईल, तोवर माझ्या हातात काही नाही. आणि रक्त तपासून घ्या. कधी तपासलंय का?"

"नाही."

"इतकी थंडी वाजते आणि रक्त नाही तपासलं?"

"कुणी सांगितलंच नाही," मी जरा चिडूनच म्हटलं. मग लाज वाटली. त्या बिचारीला सातपैकी दोन फोन अजून करायचे होते.

लेकीला मात्र मी स्वतःच कळवणार होते, दवाखान्यातून तिला कळू द्यायचं नव्हतं. व्हरांड्यात जाऊन फोन लावला. तिने उचलला तेव्हा बाळ मांडीवर असावं, त्याचे हुंकार ऐकू येत होते.

"बाळाला परत टोचावं लागेल," मी एकदम सांगून टाकलं.

"परत? का? काय झालं, आई? औषधात काही होतं का?"

"काही नव्हतं. तेच तर. त्यात काहीच उरलं नव्हतं. त्याला अपाय नाही व्हायचा, पण उपयोगही नाही. आणि हे माझ्यामुळे झालंय."

मग पिशवी, हूक, कांडी, सगळं सांगितलं. ती ऐकत होती तोवर ठीक होतं. मग तिचा बांध फुटला.

"तीन आठवडे, आई? अगं, किती रडला तो त्या दिवशी! ताप आला होता रात्री, तुला माहितीये. आता परत ते सगळं? आणि बाकीची बाळं? तू तर म्हणायचीस, माझ्या सहीशिवाय पान हलत नाही."

"म्हणायचे."

"मग असलं कसं केलंस?"

मी बोलून घेऊ दिलं तिला. तिचा हक्कच होता, आणि तिच्या जागी मी असते तर घसाच फोडला असता. बोलून बोलून ती दमली. मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "इतकं लपूनछपून करायची काय गरज होती? एवढी थंडी वाजत होती तर निदान मला तरी सांगायचंस."

"सांगितलं होतं गं," मी म्हटलं. "मंगळवारीच सांगितलं होतं, सकाळी फोनवर. आत मरणाचं गार झालंय, काहीतरी विचित्र आहे, हात चालत नाहीत माझे, असं म्हटलं होतं तुला. तू म्हणालीस, 'आई, तुझं हे नंतर ऐकते, बाळाला घेऊन दवाखान्यात निघालेय.'"

पलीकडून नुसते बाळाचे हुंकार येत राहिले, आणि मी फोन कानाशी धरून उभी राहिले.